तीन पुकारे

ओपल क्रेंशॉ रांगेत उभी राहिली तेव्हा तिच्यापुढं एक जोडपं होतं. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, पायात चिखलाचे बूट, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला तिच्याएवढाच कोवळा मुलगा. दोघं कशालाही हसत होती. खिडकीमागच्या बाईनं त्यांना उजवा हात वर करायला सांगितला, तेव्हा मुलीनं चुकून डावा केला आणि त्यावरही ती हसली. शपथ झाली, लग्नाचा परवाना हातात पडला, आणि दोघं ओपलला जवळजवळ धक्का देऊनच बाहेर पळाली. खिडकीमागच्या बाईच्या चेहऱ्यावर त्यांच्यासाठी आणलेलं हसू अजून शिल्लक होतं. तेच तिनं ओपलकडं वळवलं. "या, या. आणि तुमचे हे कुठायत? गाडी लावतायत वाटतं?" ओपल त्रेसष्ट वर्षांची होती. या वयात कुणी आपल्याला नवरी समजावं, याचा तिला राग यायला हवा होता. पण तिला वाटलं, बाई किती चांगली आहे, आणि आता आपण तिचा विरस करणार. "मला घटस्फोटाचा अर्ज हवाय," ती म्हणाली. इतक्या हळू, की बाईनं काचेच्या भोकाला कान लावला, आणि मग तीच गोष्ट ओपलला मोठ्यानं सांगावी लागली. मागं उभे असलेले दोघे-तिघे एकदम आपापल्या बुटांकडं बघू लागले.

"अगं बाई," खिडकीतली म्हणाली, "ते इथं नाही. इथं फक्त गाठ मारतात. सोडायची ती वरच्या मजल्यावर."

"पण आमचा परवाना याच खिडकीवर..."

"सगळ्यांचं हेच होतं. जिथं बांधली तिथंच सोडायला येतात. आठवड्याला चार तरी! जिना तिकडं आहे."

जिना रुंद होता, दगडी, मधोमध झिजलेला. ऑर्डवे काउंटीत जन्मलेलं माणूस या इमारतीत तीन-चारदा तरी येतंच: जन्माच्या दाखल्याला, लग्नाला, जमिनीच्या कागदाला. पण ओपल वरच्या मजल्यावर कधी गेली नव्हती. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना तिच्या मनात आलं, की आता परत फिरलं तरी कुणाला कळणार नाही. खालच्या बाईला वाटेल ही वर गेली, वरच्यांना माहीतच नाही ही येणार होती. दोन मजल्यांच्या मधल्या मधे नाहीसं व्हायचं. ती याच महिन्यात दोनदा गाडी लावायच्या जागेवरूनच परत गेली होती. एकदा ऊन फार आहे म्हणून, एकदा चष्मा विसरला म्हणून. चष्मा पर्समध्ये होता. परत फिरण्यात तिचा हात कुणी धरला नसता. आणि डॉयलला हे पक्कं ठाऊक होतं. चर्चच्या जेवणावळीत तो लोकांना गोळा करून सांगायचा, "आमची ओपल दोनदा पळाली. एकदा घेवडा चुलीवर राहिला म्हणून परत आली, एकदा कुत्रं भुंकलं म्हणून." लोक हसायचे. ओपलही हसायची. तो मारत नव्हता, पीत नव्हता, रविवार चुकवत नव्हता. कुणी विचारलं असतं, की बाई, त्रास तरी काय, तर तिला एक साधी चहाची गोष्ट सांगावी लागली असती आणि ती सांगून कुणाला कळली नसती.

चहाची गोष्ट अशी, की फेब्रुवारीत ती दोघं चौकातल्या खानावळीत बसली होती. डॉयल हात धुवायला गेला आणि वाढणाऱ्या पोरीनं विचारलं, "मॅडम, थंड चहा गोड आणू की साधा?" टेक्सासमध्ये हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. ओपलनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की अडतीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर डॉयलनं दिलेलं आहे. "हिला गोड." ती गोडच प्यायली होती. पण तिला काय आवडतं, हे शोधायला ती स्वतःच्या आत गेली, तर आत कुणी नव्हतं. एखाद्या घराचं दार वाजवावं, आणि आवाजावरूनच कळावं की खोल्या रिकाम्या आहेत, तसं झालं. "थांब जरा, ते येऊ देत," ती पोरीला म्हणाली. पोरीनं तिच्याकडं एकवार नीट बघितलं, जसं म्हाताऱ्या, हरवलेल्या माणसाकडं बघतात. डॉयल आला. म्हणाला, "हिला गोड." त्या दिवशी तिनं चहा तसाच ठेवला. एप्रिलमध्ये ओपलनं लाँड्रीच्या वरची खोली भाड्यानं घेतली. डॉयल सगळ्यांना सांगत राहिला, की बदल म्हणून गेलीय, घेवडा संपला की येईल.

वरच्या मजल्यावरच्या दफ्तरात मेणाचा आणि जुन्या कागदाचा वास होता. ट्वायला बूथ नावाची कारकून बाई चष्म्याच्या साखळीशी खेळत बसली होती. तिनं ओपलला खुर्ची दिली, अर्ज दिला, पेन दिलं, आणि कुणी भाजीची कृती सांगावी तसं सगळं सांगितलं. काउंटीत नव्वद दिवस राहिलात ना? जन्मच इथला, मग झालं. अर्ज आज, मग साठ दिवस थांबायचं, मग न्यायाधीशांपुढं पाच मिनिटं. "नवऱ्याची सही मिळेल?"

"मिळेल," ओपल म्हणाली. "त्याला वाटतं मी येणारच नाही."

"हां, तर तेवढंच एक लक्षात ठेवा, मिस ओपल. बाकी सगळं आम्ही करतो, पण त्या दिवशी यायचं तुम्हीच. आमचा बेलीफ दारात उभा राहून तीनदा पुकारतो. तिसऱ्या पुकाऱ्याला आवाज आला नाही, की प्रकरण निकाली. सगळं पाण्यात." मग ती अर्जाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "लग्नाआधीचं नाव परत हवंय का?"

ओपलनं याचा विचार केला नव्हता. "टॅकेट," ती म्हणाली. ते नाव तोंडातून एखाद्या लहान मुलीसारखं बाहेर पडलं. ट्वायलानं ते संगणकात घातलं, आणि तिच्या भुवया चष्म्याच्या वर आल्या. "मग तुम्ही इथं आधी एकदा येऊन गेलात की. मला वाटलं पहिलीच वेळ." ओपल म्हणाली, नाही हो, पहिलीच. ट्वायलानं पडदा तिच्याकडं फिरवला. गेल्या वर्षी जुन्या वह्या सगळ्या संगणकात चढवल्या होत्या. वहीच्या पानाचं छायाचित्र होतं, शाईची तिरकी अक्षरं. ओपल टॅकेट विरुद्ध हॉलिस टॅकेट. १९६१.

"तेव्हा मी दोन वर्षांची होते," ओपल म्हणाली. आणि तिचं वाक्य संपायच्या आत दोघींनाही कळलं. आईचं नावही ओपल होतं. घरात एक मोठी ओपल आणि एक धाकटी ओपल.

ट्वायला उठली आणि तळघरातून पुठ्ठ्याची फाईल घेऊन आली. ती इतकी पातळ होती, की ओपलला आधी रिकामीच वाटली. तीन कागद. पहिला वकिलानं टंकलेला: क्रूर वागणूक, सहजीवन अशक्य, वगैरे ठरलेली वाक्यं, आणि त्यांच्याखाली एकच वाक्य, जे कुठल्या वकिलाला सुचलं नसतं. प्रतिवादीनं वादीला न विचारता तिचं शिवणयंत्र विकलं. खाली आईची सही. ती सही ओपलनं शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर पाहिली होती, तेव्हा ती वाकलेली असायची. इथं ती ताठ होती. ओपलच्या पायांच्या अंगठ्यांना काहीतरी आठवलं. स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली, जमिनीच्या मऊ आवरणात चार खळगे होते. लहानपणी ती दोन खळग्यांत दोन अंगठे घालून उभी राहायची. हे कशाचे, असं तिनं विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "काहीतरी जड होतं तिथं." बस्स, तेवढंच. दुसरा कागद बाबांना नोटीस बजावल्याचा. तिसऱ्या कागदावर ऑक्टोबरची नऊ तारीख आणि एक ओळ. वादीस दारात तीन वेळा पुकारले. उत्तर नाही. प्रकरण निकाली.

ओपलला पहिल्यांदा आला तो राग. अठ्ठ्याऐंशी साली ती पहिल्यांदा पळाली ती आईकडंच. आईनं जाळीचं दार उघडलंच नव्हतं. जाळीतून तिचा चेहरा बारीक बारीक चौकटींत कापल्यासारखा दिसत होता. "चुलीवर काय ठेवून आलीस?" आईनं विचारलं. "घेवडा," ओपल म्हणाली. "मग जा. करपेल. आपल्या घरात असं कुणी केलेलं नाही, ओपल." ते वाक्य ओपलनं चौतीस वर्षं अंगावर वागवलं. आपल्या घरात असं कुणी केलेलं नाही. आणि इथं तळघरात, तिच्या वाढदिवसांपेक्षा दोनच कमी इतकी वर्षं, त्या वाक्याचं खोटेपण पुठ्ठ्यात बांधून ठेवलेलं होतं. कुणीही यावं, नाव सांगावं आणि बघावं. ही फाईल काही गुप्त नव्हती, तिला कुलूप नव्हतं. फक्त शोधायला कुणी आलं नव्हतं.

"घरी नेऊ का मी याची प्रत?" तिनं विचारलं.

"न्या ना," ट्वायला म्हणाली. "आणि अर्ज? तो आज करायचा, की विचार करून येता?"

ओपलनं त्या ताठ सहीकडं पाहिलं आणि आपल्या अर्जावर सही केली. शिक्का पडला तेव्हा टेबल हललं.

पुढच्या आठवड्यात डॉयल सही करायला आला. ट्वायलासमोर टेबलावर कोपर टेकून, जसं काही गुरांच्या बाजारात उभा आहे. "ट्वायला, हिनं तुला घेवड्याची गोष्ट सांगितली का नाही?"

"टोपी काढ, डॉयल. आणि इथं सही कर."

"करतो की. सहीला काय जातंय? तीन पानं कर म्हण, तीन करतो." त्यानं सही केली, फुंकर घातली, आणि ओपलकडं वळून अगदी मायेनं म्हणाला, "त्या दिवशी मी पिकअप घेऊन खाली थांबतो. तू दारापर्यंत जाशील, मग तुला घाम येईल, मग परत यायला गाडी लागेल ना? उन्हात चालू नकोस." हे तो खरंच मायेनं म्हणत होता, यातच सगळं होतं. अडतीस वर्षं तिच्या हरण्याची सोय त्यानं इतक्या काळजीनं करून ठेवली होती, की जिंकणं म्हणजे त्याचा अपमान केल्यासारखं वाटावं. ओपल पर्स उचलून निघाली. त्याला द्यायचं उत्तर जिन्यावरून उतरताना सुचलं, पण तोवर तो शीळ घालत चौक ओलांडून गेला होता.

ते साठ दिवस ओपल फार थोड्या माणसांशी बोलली. खालच्या लाँड्रीतून सकाळी वाफ वर येई, खोलीला इस्त्रीचा गरम वास लागे, आणि ती खिडकीशी बसून आईला प्रश्न विचारत राही. का नाही गेलीस? मला ताप होता का? बाबांनी किल्ली लपवली का? कुणी नवीन यंत्र आणून देतो म्हणालं का? रागाचं काय होतं, की तो एकाच गोष्टीवर फार दिवस बसला, की त्याला नीट बघायची सवय लागते. सप्टेंबरच्या शेवटी ओपलला बूट आठवले. दरवर्षी ऑक्टोबरात आई तिला नवे बूट घ्यायला गावात आणायची. शाळा ऑगस्टात सुरू व्हायची, सगळ्या मुलींचे बूट ऑगस्टातच यायचे, आणि ओपल दोन महिने जुन्या बुटांत बोटं मुडपून चालायची. बूट झाले, की आई चौकात पेकनच्या, अक्रोडासारख्या फळांच्या झाडाखाली, कोर्टासमोरच्या बाकावर बसायची. ठेवणीतला निळा झगा, हातमोजे. ओपल खाली पडलेले पेकन वेचायची, दगडानं फोडून आईला द्यायची; आई ते न खाता मुठीत धरून ठेवायची आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडं बघत राहायची. तेव्हा खिडक्या उघड्या असत. वरून अधूनमधून कुणाचं तरी नाव पुकारल्याचा आवाज चौकात येई. घड्याळाचे दहा ठोके पडले, की आई उठायची. "चल. झालं." काय झालं, हे कधी कळलं नाही. दरवर्षी तेच.

म्हणजे ती आली होती. ओपल खुर्चीतून उठून उभीच राहिली. ती एकसष्ट साली आली होती. झगा घालून, हातमोजे घालून, कदाचित दोन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन त्याच बाकावर बसली होती, आणि वरून तिचं नाव पुकारलेलं तिनं ऐकलं होतं. एकदा. दोनदा. तीनदा. रस्ता ओलांडायचा राहिला होता फक्त. आणि मग ओपलला आणखी एक गोष्ट आठवली, जी ती आजवर आईचा बहिरेपणा समजत होती. बाबा अंगणातून हाक मारायचे, "ओपल!" आई स्वयंपाकघरात असायची, हाताच्या अंतरावर, आणि उत्तर द्यायची नाही. "ओपल!" धाकटी ओपल पळत जायची, तर बाबा म्हणायचे, तू नाही, ती. तिसरी हाक झाली, की आई हात पुसत सावकाश बाहेर यायची. बाबा चिडायचे, कान तपासून घे म्हणायचे. जन्मभर तिनं तिसऱ्या हाकेआधी उत्तर दिलं नाही. तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं, दोन हाका. खिडकीशी उभी राहून ओपल रडली, पण रागानं नाही. आणि रडून झाल्यावर तिला भूक लागली.

ऑक्टोबरात सुनावणीच्या दिवशी ती दीड तास आधी निघाली. खानावळीत शिरली, तीच पोरगी होती. "गोड की साधा, मॅडम?" ओपल म्हणाली, "साधा. लिंबू घालून." चहा आला. खरं सांगायचं तर तो तिला फारसा आवडला नाही; कडवट होता, दात आंबले. पण तिनं तो पेल्याच्या तळाशी बर्फ वाजेपर्यंत प्यायला. आवडत नाही हेही तिचं तिलाच कळलेलं होतं, आणि कितीतरी वर्षांत तिनं स्वतःबद्दल मिळवलेली ही पहिलीच बातमी होती. चौकात पेकनच्या झाडाखाली डॉयलचा पिकअप उभा होता. डॉयल बाकावर बसून पेकन फोडत होता. त्यानं टोपीला हात लावला आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. ओपलच्या तळहातांना घाम आला. त्याचं खरं होतं. घाम येणार हे त्याला तिच्याआधी ठाऊक होतं. रस्त्याच्या कडेला ती थांबली. एक ट्रक गेला, मग रस्ता मोकळा झाला, मग पुन्हा मोकळाच राहिला. पाय उचलत नव्हता. तिला वाटलं, हीच ती जागा. बाकापासून दारापर्यंत फार तर चाळीस पावलं, आणि ती चालायला आपल्या घरातल्या बायकांना एकसष्ट वर्षं लागली. मग पर्समधला कागद तिच्या बोटांना लागला, ती ताठ सही, आणि रस्ता कधी ओलांडला हे तिला जिन्याच्या मधल्या झिजलेल्या पायरीवर कळलं.

वरच्या व्हरांड्यात भिंतीला लागून बाकं होती. बेलीफ रेफर्ड, जाडा, गुडघे दुखणारा म्हातारा, दारात यादी धरून उभा होता. हवा बरी होती म्हणून जिन्याजवळची खिडकी कुणीतरी उघडून ठेवली होती. ट्वायला मुद्दाम काहीतरी फाईल घेऊन आली आणि तिथंच घोटाळत राहिली. रेफर्डनं घसा साफ केला. "ओपल क्रें..."

"आहे!" ओपल म्हणाली. ती उठूनही उभी राहिली होती. आवाज इतका मोठा झाला, की बाकावरचा एक पेंगणारा वकील दचकला.

रेफर्डनं यादी खाली केली. "बाई, पुरं नाव तर घेऊ द्या. अजून दोन पुकारे बाकी होते माझे."

"मग पुकारा की. कोण अडवतंय?"

"आता कशाला? तुम्ही समोर उभ्या आहात."

"एक तरी," ओपल म्हणाली. तिला हसू येत होतं. "टॅकेट म्हणून पुकारा. ओपल टॅकेट. एकसष्ट साली इथूनच पुकारलं होतं, तिचं उत्तर द्यायचं राहिलंय."

रेफर्डनं ट्वायलाकडं पाहिलं. ट्वायला म्हणाली, "पुकार की, रेफर्ड. पुकाऱ्याला काय जातंय?" म्हाताऱ्यानं खांदे उडवले, पण माणूस जुन्या वळणाचा, काम करायचं तर नीट करायचं. तो उघड्या खिडकीकडं तोंड करून उभा राहिला, छाती भरली आणि चाळीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात त्यानं नाव लांबवलं. "ओपल टॅकेट!" ते नाव खिडकीतून बाहेर गेलं, पेकनच्या झाडावरून, बाकावरून, चौकाच्या पलीकडच्या भिंतीला लागून परत आलं. खाली डॉयलनं मान वर केली.

"आले," ओपल म्हणाली. हे मात्र तिनं हळू म्हटलं, अगदी घरातल्या घरात ओ द्यावी तसं. आणि आत गेली.

आत सहा मिनिटं लागली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, लग्न टिकण्याची काही आशा? ओपल म्हणाली, नाही. पूर्वीचं नाव हवं? हो. कुणाच्या दबावाखाली आलात का? ओपल म्हणाली, "नाही, बाई. चालत आले." बाईंनी सही केली. ट्वायलानं शिक्का मारला, आणि मारताना उगाचच थोडा जास्त जोर लावला.

ओपल टॅकेट बाहेर आली तेव्हा घड्याळात दहाचे ठोके पडत होते. डॉयलनं सवयीनं पिकअपचं तिच्या बाजूचं दार उघडून धरलं होतं. तिच्या हातातला कागद त्यानं पाहिला, पण दार मिटायचं त्याला सुचलं नाही; तो तसाच उभा राहिला, टोपी मागं सरकलेली, मुठीत पेकनची टरफलं. दोन महिन्यांपूर्वी जिन्यावर उशिरा सुचलेलं उत्तर तिला आता नको झालं होतं. तिनं दार हलकेच लोटून लावलं, आणि त्याच्या बाहीवरचं एक टरफल झटकलं.

"जा, डॉयल," ती म्हणाली. "घेवडा करपेल."